कोकराजवळ निजतो, लांडग्यावर धावतो

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्नम्बूल नावाचं गाव आहे. त्याच्या किनाऱ्याला अगदी लागून मिडल आयलंड हे एक इवलंसं खडकाळ बेट. ओहोटीला मधलं पाणी एवढं उतरतं की कोल्हा चालत पलीकडे जातो, आणि पलीकडे त्याच्यासाठी जणू पान वाढून ठेवलेलं असतं: जगातले सर्वांत लहान पेंग्विन. उंची फूटभर, वजन किलोच्या आसपास, उडता येत नाही, घरटं जमिनीतल्या बिळात. एके काळी इथे शेकड्यांनी असलेले हे पक्षी २००५ साली दहाच्याही खाली आले.

२००६ मध्ये बेटावर एक नवी रखवालदार नेमली गेली. पांढरीशुभ्र, झुबकेदार केसांची, इटलीतल्या मारेम्मा जातीची कुत्री. नाव ऑडबॉल. तोवर ती जवळच्या एका शेतावर कोंबड्या राखत होती. तिच्यामागून आणखी मारेम्मा आल्या. त्यांतल्या दोघी बहिणींची नावं युडी आणि टुला, कारण या पेंग्विनांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव युडिप्टुला. पेंग्विनांच्या विणीच्या हंगामात या कुत्र्या बेटावर मुक्कामाला असत. त्यांचा वास आणि भुंकणं एवढ्यानेच कोल्हे बेटाची वाट विसरले. दहाएक वर्षांत पेंग्विन दोनशेच्या घरात गेले. २०१७ मध्ये समुद्र खवळल्यामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही, तेव्हा कोल्ह्यांनी शंभराहून जास्त पेंग्विन मारून टाकले. कुत्र्यांची किंमत याहून स्पष्ट कोण सांगणार?

पण कोल्हे पळाले यात मला फारसं नवल वाटत नाही. एवढं धूड अंगावर आलं तर कोल्हा पळणारच. नवल आहे ते पेंग्विनांचं. माशाचा वास मारणारा, दुडक्या चालीचा, किलोभर मांसाचा हा पक्षी नाकासमोरून जातो आणि कुत्री मान वळवून पुन्हा डोळे मिटते. एकाच जिवात ही कोवळीक आणि ती जरब एकत्र नांदते कशी?

घरासाठी कुत्रा शोधायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाची मागणी नेमकी हीच असते. पोरांशी मायेनं वागणारा हवा, आजीच्या पायाशी झोपणारा हवा, पाहुण्यांना खाणारा नको. आणि रात्री कुणी कुंपणावरून उडी टाकली तर मात्र त्याची पाचावर धारण बसली पाहिजे. ऐकणारा हसतो आणि म्हणतो, दोन्ही एकदम कसं मिळेल? एक तर गरीब गाय घ्या, नाही तर वाघ घ्या. गेल्या साठेक वर्षांत कुत्र्यांवर जे संशोधन झालं आहे ते वाचत गेलं की हळूहळू उलटंच दिसायला लागतं. माया आणि राखण हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढत नाहीत. कुत्र्यात ते एकाच ठिकाणाहून येतात, आणि ते ठिकाण म्हणजे त्याच्या आयुष्याचे पहिले तीन महिने.

रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकी दांपत्याने हे कोडं सोडवण्यात उमेदीची वर्षं घातली. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी एक प्रकल्प सुरू केला. युरोप आणि तुर्कस्तानातून मेंढरं राखणारे कुत्रे आणायचे, त्यांची पिल्लं अमेरिकेतल्या मेंढपाळांना द्यायची आणि पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं टिपून ठेवायचं. त्यांनी पहिल्यांदा शिकार म्हणजे काय तेच सुटं करून पाहिलं. लांडग्याची शिकार ही एक साखळी आहे: नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकडीचा चावा, जीव घेणारा चावा, फाडणं, खाणं. लांडग्यात ती अखंड असते. मेंढरं हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीत माणसाने पैदाशीतून पहिल्या तीन कड्या मोठ्या केल्या आणि पुढच्या बोथट केल्या. म्हणून तो मेंढीवर डोळे रोखतो, दबकत जातो, पण तिला फाडत नाही. आणि मारेम्मा, अनातोलियन, कंगाल या राखणदार कुत्र्यांत ही साखळी जवळजवळ उमटतच नाही. कोकरू पळालं तर त्याच्यामागे धावावं असं या कुत्र्याला वाटतच नाही.

म्हणजे पाहा, जगातले सर्वांत भरवशाचे राखणदार हे सर्वांत कच्चे शिकारी असतात! आपल्याकडे ‘कडक’ कुत्रा हवा म्हणून जो मांजरामागे धावतो, सायकलवर झेपावतो असा उसळता कुत्रा पसंत केला जातो, ते राखणीच्या दृष्टीने साफ चुकीचं आहे. कॉपिंजर मंडळींनी चांगल्या राखणदाराचे तीन गुण सांगितले. पहिला, त्याच्यावर विश्वास टाकता यावा: कळपाला त्याच्यापासून इजा नको. दुसरा, तो कळपाला धरून असावा, उंडारायला जाऊ नये. संरक्षणाचा नंबर तिसरा. आणि हे संरक्षणही बहुतेक वेळा मारामारीचं नसतं. कुत्रा भुंकत पुढे येतो, मध्ये उभा राहतो, कधी कधी तर शेपूट हलवत लांडग्याच्या तोंडासमोर जातो, आणि शिकारीचा बेत विस्कटतो. शिकारी प्राणी हिशेबी असतो. जिथे आपण दिसलो, तिथे थांबण्यात त्याचा तोटा. चोराचंही यापेक्षा वेगळं काही नसतं.

नामिबियात लॉरी मार्कर यांच्या चित्ता संवर्धन संस्थेने १९९४ पासून शेतकऱ्यांना अशीच अनातोलियन पिल्लं दिली. शेळ्या वाचू लागल्या, तसा चित्त्याला गोळी घालण्याचा शेतकऱ्याचा हातही थांबू लागला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत जे पहिले आठ चित्ते उतरले ते याच देशातून आले होते. शेळ्यांवर माया करणाऱ्या कुत्र्यांनी चित्ते वाचवले, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या दख्खनच्या माळावर हे ज्ञान पुस्तकात कधी लिहिलं गेलं नाही, पण ते आहे. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परत फिरतात. वाटेत रानात मुक्काम, भोवती जाळी, आत मेंढरं आणि कडेला कुत्री. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या गवताळ माळांवर लांडगा अजून टिकून आहे, त्यामुळे ही नेमणूक शोभेची नाही. वाड्यातलं पिल्लू डोळे उघडतं तेव्हापासून त्याच्या नाकात मेंढराच्या लोकरीचा वास, कानात कोकरांचं बेंबटणं, आणि खायला त्याच हातची भाकरी जी पोरं खातात. दिवसा तेच पोरांच्या अंगावर लोळतं. रात्री अनोळखी पाऊल वाजलं की गुरगुर. ज्याच्या सोबत कुत्रा असतो अशा खंडोबाला धनगरांनी कुलदैवत मानावं, यात मला काडीचंही आश्चर्य वाटत नाही.

आता त्या तीन महिन्यांकडे वळू. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा दीर्घ अभ्यास केला. १९६५ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. त्याच प्रयोगशाळेतला १९६१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो. उंच फळ्यांचं कुंपण घातलेल्या एकरभर मैदानात कुत्र्यांची पिल्लं आयांसोबत वाढवली. अन्नपाणी मिळे, पण माणूस दिसत नसे. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडाभर माणसांत आणून खेळवलं आणि पुन्हा मैदानात सोडलं. काहींना चौदा आठवडे माणूस दाखवलाच नाही. पाच ते नऊ आठवड्यांत भेटलेली पिल्लं माणसाला लवकर सरावली. चौदा आठवडे माणसाविना राहिलेली पिल्लं मात्र रानटी जनावरासारखी निघाली. पुढे कितीही चुचकारलं तरी त्यांची भीती पुरती गेली नाही. रक्त तेच, जात तीच. फरक फक्त त्या आठवड्यांचा.

साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूचं एक दार उघडं असतं. या काळात जे जे भेटतं त्याची नोंद ‘आपलं’ म्हणून होते. मेंढी भेटली तर मेंढी आपली, पेंग्विन भेटला तर पेंग्विन, रांगणारं मूल भेटलं तर रांगणारं मूल. मग दार हळूहळू लोटलं जातं आणि नव्या गोष्टींबद्दलची भीती वाढीला लागते. माया आणि राखण एकाच ठिकाणाहून येतात असं मी म्हणतो ते यासाठी. ‘आपलं’ काय हे ठरल्याशिवाय ‘परकं’ काय हे ठरत नाही. ज्या कुत्र्याची ‘आपल्यां’ची यादी मोठी आणि पक्की, त्यालाच वेगळं काय आहे ते नेमकं कळतं. ज्याला माणसंच भेटली नाहीत, त्याला पोस्टमन, दूधवाला, मावशी आणि दरोडेखोर सगळे सारखेच भयंकर वाटतात. लोक त्याला ‘तिखट’ म्हणून मिरवतात. तो तिखट नसतो, घाबरलेला असतो. आणि घाबरलेला कुत्रा कुणाला चावेल याचा नेम नाही. त्यात घरातलं मूलही आलं.

राखणीसाठी म्हणून पिल्लाला कोपऱ्यात बांधून ठेवणं, कुणाला हात लावू न देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अमेरिकेत डेन्व्हर इथल्या कुत्र्यांच्या चाव्यांचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना केली तर अंगणात साखळीला बांधले जाणारे कुत्रे चावणाऱ्यांत ठळकपणे जास्त आढळले. साखळीने कुत्रा राखणदार होत नाही, कोंडीत सापडलेला होतो.

या सगळ्यात मला सर्वांत हलवून गेलेला अभ्यास स्वीडनचा आहे, २०१६ सालचा. स्वीडिश लष्कर जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करतं. संशोधकांनी २२ कुत्र्यांच्या खोलीत कॅमेरे लावले आणि व्यायल्यावर पहिले तीन आठवडे त्या काय करतात ते पाहिलं. पिल्लांना किती वेळ चाटतात, किती वेळ कुशीत घेतात, पाजतात किती, नुसत्या पडून किती राहतात. काही आया जात्याच जास्त लळा लावणाऱ्या, काही तुटक. दीड वर्षाने या पिल्लांची लष्कराने नेहमीची स्वभावचाचणी घेतली. जास्त मायेत वाढलेली पिल्लं माणसांत अधिक मिसळणारी आणि खेळात अधिक रमणारी निघाली, यात नवल नव्हतं. पण धमकावणाऱ्यासमोर ठाम उभं राहणं ज्यात मोजलं जातं त्या आक्रमकतेच्या मापातही तीच पिल्लं पुढे होती! जिने जास्त चाटलं, तिचं पिल्लू जास्त लाघवीही आणि जास्त निधडंही.

शरीराच्या पातळीवर हे कसं घडत असावं याचा एक धागा ऑक्सिटोसिनकडे जातो. बाळाला पाजताना आईच्या शरीरात स्रवणारं हे संप्रेरक. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत असं घडलं नाही. आईचं आणि तान्ह्या बाळाचं जे नातं, त्याच वाटेने कुत्रा आपल्यात शिरला आहे. पण ऑक्सिटोसिन म्हणजे नुसतं प्रेमरसायन, ही समजूत अर्धवट आहे. कार्स्टन डी ड्रू यांनी नेदरलँड्समध्ये माणसांवर केलेले प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नाकावाटे ऑक्सिटोसिन दिलेले लोक आपल्या गटाशी अधिक उदार वागले, आणि समोरच्या गटाकडून धोका दिसला तर आपल्या गटाच्या बचावासाठी अधिक सरसावले. गल्लीतली गरीब कुत्री व्याल्यावर आठवडाभर कुणाला जवळ फिरकू देत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. राखणीचं सारं श्रेय एका रसायनाला देणं घाईचं होईल, पण पान्हा आणि पंजा इतके शेजारी-शेजारी असावेत, हे मात्र थक्क करणारं आहे.

बुडापेस्टच्या संशोधकांनी याचीच दुसरी बाजू २०१३ मध्ये मोजली. अनोळखी माणूस धमकावत पुढे येताना कुत्र्याच्या हृदयाचे ठोके किती वाढतात? धनी सोबत असेल तर कमी वाढतात. आपण त्याचे रखवालदार असतो म्हणून तो आपला होऊ शकतो.

आणि राखण म्हणजे शेवटी काय? बहुतेक घरांत ती नव्याण्णव टक्के आवाजाची असते. लांडगा फारसा भुंकत नाही. मोठा लांडगा धोक्याच्या वेळी एखादा छोटा भुंक काढतो, बस्स. कुत्रा मात्र दिवसभर भुंकेल. माणसाच्या सहवासात हा आवाज एवढा का फुलला? बुडापेस्टच्याच पेतेर पोंग्रात्स आणि मंडळींनी २००५ मध्ये मुडी या हंगेरियन जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं: फाटकाशी परका आलेला, झटापट चाललेली, फिरायला निघण्याची वेळ, झाडाला एकटं बांधलेलं, चेंडू दाखवलेला, खेळ. मग ते लोकांना ऐकवलं. ज्यांनी आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता त्यांनीही कुठलं भुंकणं कशाचं हे अंदाजाहून कितीतरी जास्त वेळा बरोबर ओळखलं. जन्मांध व्यक्तींनाही ते ओळखता आलं. खालच्या पट्टीतलं, खरखरीत, एकामागोमाग एक आलं की तो इशारा. वरच्या पट्टीतलं, सुरेल, मध्ये मध्ये जागा सोडणारं आलं की एकटेपणा. म्हणून रात्री दोन वाजता झोपेतही आपल्याला कळतं की हे मांजरावरचं नाही, उठायला हवं.

थोडक्यात, घराला लढवय्या नको, घराला साक्षीदार हवा. त्याचे कान आपल्या दुपटीहून वरच्या कंप्रतेपर्यंत ऐकतात, त्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. तुमच्या मुलीच्या चपलेचा जिन्यातला आवाज आणि अनोळखी बुटांचा आवाज त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं असतात. यासाठी पन्नास किलोंचा देह लागत नाही.

मग जातीचं काय? ‘लॅब्राडॉर घ्यावा की डॉबरमन’ हा प्रश्न लग्नकार्यात हमखास निघतो, आणि प्रत्येक काकांकडे त्याचं उत्तर तयार असतं. डॉबरमनची गोष्ट मजेची आहे. जर्मनीतल्या थुरिंगियातल्या आपोल्डा गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल फ्रिडरिश लुई डॉबरमन नावाचे गृहस्थ करवसुली करत आणि मोकाट कुत्र्यांची व्यवस्थाही बघत. पैसे घेऊन आडवाटांनी फिरायचं म्हणून लोकांना धाक वाटेल असा सोबती त्यांना हवा होता, आणि नाना प्रकारची कुत्री तर हाताशीच होती. त्यातून ही जात घडली. पुढच्या पैदासकारांनी तिचा तिखटपणा बराच उतरवला. म्हणजे जात ही दगडावरची रेघ नाही. निवडीने थोड्या पिढ्यांत स्वभाव सरकतो. सायबेरियात नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सुरू केलेला प्रयोग याचा बोलका पुरावा. रुपेरी कोल्ह्यांपैकी माणसाला कमीत कमी घाबरणारे तेवढे पैदाशीला ठेवायचे, एवढा एकच नियम. काही पिढ्यांतच कोल्हे शेपूट हलवू लागले, माणसाचे हात चाटू लागले. ते मुळात फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांचे वंशज होते, थोडे सरावलेले होतेच, असा आक्षेप पुढे आला आणि तो रास्त आहे. तरी पिढ्यांमधला बदल डोळ्यांदेखत झाला हे खरंच.

पण एकेका कुत्र्यापुरतं बोलायचं तर जात फार थोडं सांगते. अमेरिकेत एलिनॉर कार्लसन यांच्या गटाने अठरा हजारांवर कुत्र्यांच्या धन्यांकडून माहिती गोळा केली, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकसंच वाचले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीने उलगडतो. आणि कुत्रा किती चटकन बिथरतो या गुणाबाबत तर जात जवळजवळ काहीच सांगत नाही. राखणदार निवडताना नेमका हाच गुण आपल्याला कळायला हवा असतो! जात खात्रीने सांगते ती अंगकाठी, केस आणि काही अंशी शिकण्याची हौस. अंगकाठी बिनमहत्त्वाची नाही. पामेरियन बिथरला तर ओरखडा, रॉटवायलर बिथरला तर टाके.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ प्रकारच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांवर बंदी घालावी असं पत्र राज्यांना पाठवलं, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या यादीत तुर्कस्तानचे कंगाल आणि अकबाशही होते. हेच ते कोकरांसोबत निजणारे. मी काही पुण्याच्या सदनिकेत कंगाल पाळा असं म्हणणार नाही. रात्रभर माळ राखायला घडलेला तो कुत्रा तिसऱ्या मजल्यावर स्वतःही वेडा होईल आणि तुम्हालाही करेल. हस्की आणि सेंट बर्नार्डला विदर्भाच्या उन्हात आणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो.

माझं मत विचाराल तर बैठं घर असो की सोसायटी, सर्वांत आधी गावठी पिल्लाकडे बघावं. मध्यम बांधा, आखूड केस, इथल्या हवेत हजारो वर्षं मुरलेलं शरीर आणि तल्लख कान. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की अनोळखी माणसाने वारंवार खायला दिलं त्यापेक्षा मायेनं कुरवाळलं तर या कुत्र्यांचा विश्वास जास्त बसतो. ज्यांना दगड खायची सवय, त्यांना भाकरीपेक्षा हात मोलाचा वाटावा! घरातून आलेलंच नव्हे, तर उकिरड्यावरून आलेलं पिल्लूही त्या तीन महिन्यांत हाती लागलं तर काय होईल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. कारवान किंवा मुधोळ हाही देखणा पर्याय, २०१६ पासून लष्कराने त्याला घेऊन पाहिलं आहे. पण तो नजरेने शिकार हेरणारा धावपटू आहे. त्याला रोज मोकळं रान हवं, आणि शेजारी कोंबड्या असतील तर दोनदा विचार करावा.

पिल्लू निवडताना लोक पिल्लाकडे बघतात. बघावं आईकडे. तुम्ही गेल्यावर ती भुंकली तर उत्तमच, पण मालकाने ‘अगं, आपलेच आहेत’ म्हटल्यावर ती शांत होऊन वास घ्यायला येते का? येत असेल तर अर्धं काम झालं. दडून बसत असेल किंवा दात काढून थांबतच नसेल, तर पिल्लू कितीही गोजिरं असलं तरी परत फिरावं. आई दाखवायलाच तयार नसलेल्या विक्रेत्याकडून तर मुळीच घेऊ नये. पिल्लाला उताणं पाडून, टाळ्या वाजवून त्याचा स्वभाव ओळखायच्या चाचण्या प्रसिद्ध आहेत. व्हिएन्नाच्या संशोधकांनी बॉर्डर कॉलींच्या पिल्लांना जन्मापासून मोठं होईपर्यंत तपासलं तेव्हा त्यातून पुढचं फारसं काही ओळखता येत नाही असंच दिसलं. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकण्याला आपल्या देशात २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आईची आणि भावंडांची शाळा तोवर चालू असते. चावा केवढा जोरात घेतला की समोरचा केकाटतो, हे तिथेच कळतं.

आठव्या आठवड्यात पिल्लू घरी आलं की उरतात जेमतेम सहा आठवडे. इथेच एक पेच आहे. लशी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका असं सांगितलं जातं, कारण पार्व्होसारखे रोग जीवघेणे असतात. आणि लशी पूर्ण होईतो मेंदूचं ते दार लोटलं गेलेलं असतं. उपाय सोपा आहे: त्याला खाली न ठेवता कडेवर घेऊन फिरवायचं. भाजीवाली, शाळेची रिक्षा, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, लग्नाची वरात लांबून. प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी आवडीचा खाऊ. किती आणि कुठे, हे आपल्या पशुवैद्याला विचारून ठरवावं. याने राखण बोथट होते असं म्हणणाऱ्यांना पेंग्विनांची आठवण करून द्यावी. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दर वर्षी, आणि महापालिकेचा परवाना. हल्ला करायला शिकवणाऱ्या वर्गांच्या वाटेला घरगुती कुत्र्याने जाऊ नये.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. हंगेरीतल्या मंडळींनी सहा वर्षांच्या मुलांना भुंकणं ऐकवलं तेव्हा रागाचं भुंकणं त्यांनी मोठ्यांइतकंच अचूक ओळखलं. पण इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठातल्या कर्स्टिन माइंट्स यांनी चेहरे दाखवले, तेव्हा चार-पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांना दात विचकलेला कुत्रा हसतोय असं वाटलं. हसणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात मूल पडणारच! तेव्हा लहान मूल आणि कुत्रा, कितीही गुणी असोत, दोघांनाच खोलीत सोडू नये. आणि कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नये. गुरगुर म्हणजे त्याने दिलेली सूचना. ती मार खाऊन बंद झाली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

एवढं सगळं जुळून आलं, तरी धीर लागतो. राखणीची जाण कुत्र्याला दीड-दोन वर्षांचा होताना येते. तोवर तो नुसता आनंदी असतो. तुमचं लाडकं पिल्लू चोराची चप्पल पळवेल, त्याच्यासोबत खेळेल, हात चाटेल, कदाचित त्याला कपाटापर्यंत सोडायलाही जाईल. त्यावरून त्याला नावं ठेवू नयेत. तेवढे दिवस दाराला चांगलं कुलूप लावावं.